ठकूचा चौकोन

१२ जून

ठकू,

पत्राच्या वर काय लिहावं, इथंच गाडी अडली. ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं आणि खोडलं, कारण माझे आशीर्वाद तू जाताना दारातच परत करून गेलीस. ‘प्रिय’ लिहिलं, तेही खोडलं. प्रिय म्हणून तर मला बँकसुद्धा लिहिते. तेव्हा नुसतं ठकू.

फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो, म्हणून हा कागद.

आईची तब्येत बरी नाही. घाबरण्यासारखं काही नाही. हातापायांतली ताकद कमी झालीय आणि बोलायला त्रास होतो. शिवणाचं दुकान बंद केलं. मशीन मात्र विकू देत नाही, ते खिडकीपाशी चादर पांघरून उभं आहे. आजाराचं नाव मोठं आहे. मी इथं लिहीत नाही, कारण लिहिलं की तू तुझ्या प्रयोगशाळेतल्या चार लोकांना विचारशील आणि मग ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे माझं वाक्य वाया जाईल.

बोलण्याच्या त्रासावर मी एक उपाय काढलाय. ऑफिसात वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहिते, तेच डोकं घरी चालवलं. पुस्तकाएवढं एक खोकं आहे. त्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक शब्द. चौकोन एकामागून एक उजळत जातात. हवा तो उजळला की आईने बोटाखालचं बटण दाबायचं. दोन-तीन शब्द निवडून झाले की बटण दाबून धरायचं, मग खोकं ते शब्द बोलून दाखवतं. आणि बोलतं तेही आईच्याच आवाजात. तो पुरता जायच्या आधी स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिच्याकडून रोज थोडे थोडे शब्द रेकॉर्ड करून घेतले.

बघ, लिहून गेले. हो, आवाज गेलाय गं. पूर्ण.

पाणी, उशी, पंखा, दुखतंय, बोलाव, नको, पुरे, असे सगळे रोजचे शब्द आहेत. ‘मूर्ख’ हा आईने हट्टाने घालायला लावला. सर्वांत जास्त तोच चालतो, आणि बहुतेक वेळा तुझ्या भावोजींसाठी. ते म्हणतात, आईंना निदान माझं कौतुक तरी अजून करता येतं.

घरातल्या सगळ्यांचे चौकोन आहेत. तुझाही आहे. खोटं कशाला बोलू, तुझं नाव त्या खोक्यातून मी अजून ऐकलेलं नाही. बाबा ऑपरेशनमधून उठलेच नाहीत, तेव्हा आई म्हणाली होती, ‘हिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही,’ ते अजून धरून आहे असं दिसतं. ऑपरेशन करा असं डॉक्टरही म्हणत होते, एकटी ठकू नाही, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि कूस बदलायची. आता कूसही आम्हीच बदलतो.

तुला ये म्हणत नाही. कळवायचं होतं, कळवलं.

ताई


२ ऑगस्ट

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. पुढे समुद्र, मागे दीड ओळ. ‘आईने आपणहून विचारलं तर येईन. तू सुचवायचं नाहीस.’

सुचवणार नाही. शब्द देते. मागच्या वेळी समेट करायला मध्ये पडले, तेव्हा तुम्ही दोघीही माझ्यावरच उलटलात. निदान त्या एका बाबतीत तुमचं एकमत झालं.

कार्ड आल्यापासून मी घरात कान लावून वावरते. ऑफिसचं काम आता घरूनच करते, स्वयंपाकघराच्या टेबलावर. आईची खोली भिंतीपलीकडे. तिथून आवाज येतो आणि दर वेळी मी हातातलं काम थांबवते. कारण तो दुकानातला आवाज आहे. समोरच्या फुटपाथवरच्या गिऱ्हाइकाला ‘उद्या या, काज व्हायचीत अजून’ म्हणून सांगणारा, ठणठणीत. आणि खोलीत जाऊन बघावं, तर उशीवर चेहरा एवढासा. आवाज आणि माणूस यांची आता गाठच पडत नाही.

कानही गेल्यात जमा. श्वासाच्या मास्कचे पट्टे कानामागून जातात. ऐकायचं यंत्र आणि पट्टा दोन्ही एका जागी मावेनात, कानामागे सोलून निघालं, तेव्हा तिने ऐकायचं यंत्र काढून टाकलं. आता तिचं आमच्याकडे खोक्यातून येतं आणि आमचं तिच्याकडे खुणांनी. फारच अडलं तर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचं.

हल्ली ‘बोलाव’ फार चाललंय. दिवसातून कितीदा तरी, नुसतं ‘बोलाव’. मी हातातलं टाकून धावत जाते. मोठ्याने म्हणते, ‘हो हो आई, हे काय!’ आणि मान डोलावते. ती माझ्याकडे बघते, मग माझ्या पाठीमागे दाराकडे बघते, मग डोळे मिटून घेते. काय हवं म्हणून विचारलं तर उघडतच नाही. मला वाटतं तिला एकटं वाटतं आणि कोणी जवळ आलं की राग येतो. दुकान चालवलेल्या बाईला हे असं पडून राहणं कसं सोसावं?

परवा खोकं म्हणालं, ‘आली?’ दिवसाच्या नर्सबाई नुकत्या येऊन पदर खोचत होत्या. त्या म्हणाल्या, ‘आले की आजी, कधीची!’ आणि हसून जोरात मान हलवली. आईने ‘उशी’ मागितली. पाठीला उशा लावून घेतल्या आणि ती दुपारभर तशीच बसून राहिली, तोंड दाराकडे. आडवं करायला गेलो की ‘नको’. संध्याकाळी नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘ताई, आजींना भ्रम होतोय का हो? मी समोर उभी आहे आणि मला शोधतायत.’ डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात कधी कधी होतं.

तुझं नाव नाही गं आलं. रोज ऐकते. आलं की त्या क्षणी कळवीन.

ताई


१४ ऑक्टोबर

ठकू,

आधी निघ, मग पुढचं वाच. फोनवर निरोप ठेवलाय, मेल केलीय, आणि तू दोन्ही बघणार नाहीस म्हणून हे जलद टपालाने.

आईने तुला बोलावलंय. मी सुचवलं नाही. आजच नाही, ती महिनोन्‌महिने बोलावतेय.

नीट सांगते. काल सकाळी खोक्यावर पाण्याचा पेला कलंडला आणि खोकं गेलं. नवं यायला वेळ लागणार, तोवर आई मुकी कशी ठेवायची? म्हणून तोच प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर चढवला, बटण त्याला जोडलं आणि लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. चौकोन पडद्यावर उजळायला लागले. ‘पाणी’ झालं. ‘पंखा नको’ झालं. मग तिने काहीतरी निवडून बटण दाबून धरलं, आणि प्रोग्रॅम बंद पडला. पडद्यावर लाल अक्षरं. मी चरफडत पुन्हा सुरू केला. पुन्हा तेच. मला वाटलं, घाईत काहीतरी चुकलं असेल. तिसऱ्यांदा मी तिच्या मागे, उशीशी जाऊन बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. उजेड सरकत सरकत तुझ्या चौकोनावर आला आणि बटण वाजलं. मग ‘बोलाव’वर आला आणि बटण वाजलं. मग तिने ते दाबून धरलं.

ठकू, बोलाव.

लाल अक्षरांच्या शेवटी लिहिलं होतं: या नावाची आवाजाची फाइल सापडत नाही, ‘ठकू’.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट तुला सांगावी लागेल. ज्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहिते ती एकच, पण ती चालवणारी यंत्रणा वेगवेगळ्या लोकांनी आपापली बांधलीय. लॅपटॉपवर मोठी चालते, खोक्यासारख्या चिमुकल्या यंत्रांवर छोटी. व्याकरण तेच, शब्द तेच. चूक झाली की काय करायचं, एवढ्याच बाबतीत दोघींचं जमत नाही. फाइल मागितली आणि मिळाली नाही, की मोठी तिथल्या तिथे थांबते आणि आरडाओरडा करते. छोटी त्या फाइलच्या जागी रिकामा आवाज धरते आणि पुढचा शब्द बोलते. ‘ठकू बोलाव’ मधलं ‘बोलाव’ तेवढं बोलते. ‘ठकू आली?’ मधलं ‘आली?’

आणि आईला ऐकू येत नव्हतं. तिला वाटत होतं, खोकं सगळं सांगतंय. ती म्हणायची ठकूला बोलाव, आणि मी हसून मान डोलवायची. हो हो, हे काय. ती विचारायची ठकू आली? आणि नर्सबाई म्हणायच्या, आले की.

मला पुढे लिहवत नाही, पण लिहायला हवं.

फाइल हरवली नव्हती. नावं सगळ्यांत शेवटी रेकॉर्ड झाली होती. थेरपिस्ट बाईंनी ती मागाहून पाठवली आणि मी जशीच्या तशी भरली. त्यांनी फाइलला नाव दिलं होतं ‘ठकु’, पहिला उकार. चौकोनावर मी लिहिलं होतं ‘ठकू’, दुसरा उकार. माणसाने वाचलं असतं तर कळलंही नसतं. यंत्राला ती दोन वेगळी माणसं.

काल दुपारी उकार दुरुस्त केला. मग पाटीवर लिहिलं, ‘ठकूला आजवर काही कळलंच नव्हतं. यंत्र तुझं बोलणं गिळत होतं.’ आईने ते वाचलं, पुन्हा वाचलं.  मग दोन शब्द निवडले आणि लॅपटॉप तिच्या दुकानातल्या आवाजात म्हणाला, ‘ठकू रागावली?’

मी लिहिलं, ‘नाही. आईने विचारलं तर येते म्हणाली.’

आई म्हणाली, ‘मूर्ख.’ कोणाला, ते कळलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिला पुसता येत नव्हतं, म्हणून मी पुसलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझेही पुसायला हवे होते.

पहिल्या पत्रात घाबरण्यासारखं काही नाही असं लिहिलं होतं. तसं नाही. लवकर ये.

ताई


२६ नोव्हेंबर

ठकू,

तू सुखरूप पोहोचल्याचा एका ओळीचा मेसेज मिळाला. आता हे पत्र आणि सोबतचं पार्सल.

तू आलीस तेव्हा आई जाऊन एक दिवस झाला होता. तू पलंगाजवळ उभी राहिलीस, चादरीची घडी उलगडलीस, पुन्हा घातलीस. चहा घेतला नाहीस. मला वाटलं, रडशील. मग मी तुला सगळं सांगेन, मग आपण दोघी रडू. तू रडली नाहीस. निघताना टॅक्सी खाली उभी असताना मला म्हणालीस, ‘ताई, खरं सांग. ती यंत्राची गोष्ट तू मला आणायला रचलीस ना? तोच प्रोग्रॅम एकीकडे बोंबलतो आणि दुसरीकडे गप्प बसतो, असं कुठे असतं का?’

मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, पकडली गेले. खरं सांगू, मला इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं. आईच्या मागे उरलेल्या दोन बायका, आणि त्यातली एक दुसरीला खोटारडी म्हणतेय. तू जिना उतरलीस आणि मी दार लावून घेतलं. तुझे भावोजी म्हणाले, ‘थांबव तिला.’ मी म्हणाले, ‘जाऊ दे.’

आता राग गेलाय. तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. इतकी वर्षं नाव न घेणारी आई नेमकी तू दूर असताना तुला बोलावते, आणि हे सांगायला ती स्वतः नाही, मी आहे.

म्हणून माझ्या शब्दावर राहू नकोस. तू डोळ्यांनी बघून मानणारी आहेस, तर बघ. पार्सलमध्ये नवं खोकं आहे, बटणासकट. त्यात जुनाच प्रोग्रॅम आहे, चुकीच्या उकारासकट, मुद्दाम न दुरुस्त केलेला. पेन ड्राइव्हवर तोच प्रोग्रॅम तुझ्या कॉम्प्युटरसाठी ठेवलाय, एका अक्षराचाही फरक नाही. दोन्हीकडे आधी तुझा चौकोन निवड आणि मग ‘बोलाव’ निवड. तुझ्या प्रयोगशाळेतल्या कोणाला शंका काढायची असेल तर काढू दे.

ज्यांनी ती छोटी यंत्रणा बांधली त्यांनाही मी लिहिलं होतं, चांगलं तावातावाने. एका मुलीचं अगदी नम्र उत्तर आलं. हे आम्ही समजून-उमजून केलंय, म्हणाली. अशा यंत्रांना पडदा नसतो, चूक दाखवणार कुठे? आणि एका चुकीसाठी सगळंच थांबलं तर ज्याचं यंत्रावाचून चालत नाही तो माणूस अडकून पडतो. माहितीपुस्तकात तसं लिहिलंय, पानाचा आकडासुद्धा तिने दिला होता. मी उघडून बघितलं. लिहिलेलं होतं. आणि तिचं म्हणणंही काही चूक नाही, खोकं जर दर वेळी थांबलं असतं तर आईला पाणीही मागता आलं नसतं. भांडायला कोणी उरलं नाही, ठकू. तेच फार जड जातंय.

थेरपिस्ट बाईंना फोन केला होता. उकाराचं सांगितलंच नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर. फक्त विचारलं, नावं रेकॉर्ड केली त्या दिवशीचं काही आठवतं का? त्या म्हणाल्या, ‘हो तर! आम्ही वयाने मोठ्यापासून सुरुवात करणार होतो. तुमच्या आई म्हणाल्या, आवाज आत्ता बरा आहे, मागाहून बसेल, धाकटीचं आधी घ्या.’

शेवटच्या दिवसाचं तू विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही. तुझं विमान कधी आहे ते आईला ठाऊक होतं, मी पाटीवर लिहून समोरच ठेवलं होतं. सकाळी नर्सबाईंकडून केस विंचरून घेतले. मग विचारलं, ‘ठकू आली?’ या वेळी सगळं नीट ऐकू आलं. आम्ही पाटीवरच्या ‘उद्या’वर बोट ठेवलं. तिने ‘उशी’ मागितली, पाठीला उशा लावल्या. जेवायच्या वेळी बघायला गेले तर बसल्या जागी गेली होती. मान थोडी कललेली, एवढंच.

तिने तुला माफ केलं की तुझी माफी मागायची होती, ते मला माहीत नाही. त्यासाठी खोक्यात शब्दच नव्हता. तिने बोलावलं होतं, एवढं मात्र पक्कं.

पेन ड्राइव्हवर ‘ठकु’ नावाची ती फाइलही आहे. ती घरात कोणी नसताना ऐक.

ताई


१९ डिसेंबर

ठकू,

काल तुझा फोन आला. आता पत्रं नकोत, फोन करत जा म्हणालीस. करेन. पण काल फोनवर मला काहीच बोलता आलं नाही, म्हणून हे एक शेवटचं लिहून टाकते.

तू ‘हॅलो’ही म्हणाली नाहीस. नुसता श्वास. मग मागे कुठेतरी आईचा आवाज, ‘बोलाव.’ मग बटणाची टकटक आणि पुन्हा ‘बोलाव.’ मी कितीदा ऐकलं ते मोजलं नाही. मग ते थांबलं, आणि तू रडायला लागलीस. लहानपणी रडायचीस तशी, हुंदक्यामध्ये श्वास घ्यायचं विसरून. मला दर वेळी वाटायचं, आता ही घुसमटते की काय. मी फोन कानाशी धरून उभी होते. ‘असू दे गं’ म्हणावंसं वाटत होतं, पण असू देण्यासारखं काय होतं त्यात?

मग तू नाक ओढलंस आणि घोगऱ्या आवाजात विचारलंस, ‘ताई, जेवलीस का?’

मी ‘हो’ म्हणाले. जेवले नव्हते. आई गेल्यापासून घरातले सगळे मला औषधं संपली का, कागदपत्रं झाली का, झोप लागते का, असं सगळं विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं. तुला खरं सांगितलं असतं तर माझाच बांध फुटला असता, आणि तुझा कुठे नुकता आवरत होता.

फोन ठेवला आणि भात लावला. होईपर्यंत ओट्यापाशीच उभी राहिले. मग ताट घेऊन टेबलाशी बसले आणि पोटभर जेवले. हे तुला कळवायचं होतं.

ताई